कीबोर्डवरची स्ट्रिंग खऱ्या व्हायोलिनसारखी वाजावी म्हणून काय करायचं?

पूर्व विदर्भातल्या सिंदेवाहीकडच्या एका तरुण वादकाने विचारलंय: "दादा, मी झाडीपट्टीच्या नाटकांत कीबोर्ड वाजवतो. माझ्याकडे यामाहाचा पीएसआर-आय मालिकेतला कीबोर्ड आहे. बासरी, संतूर, पेटी हे टोन बरे वाजतात, पण स्ट्रिंग लावली की आवाज सपाट आणि खोटा वाटतो. करुण प्रसंगात तर नटाचा संवादच खाऊन टाकतो. दिवाळीनंतर सीझन सुरू होईल. त्याआधी एखादं जुनं साउंड मॉड्यूल (पट्ट्या नसलेली टोनांची पेटी) घेऊ, की मोठा कीबोर्डच घेऊ?"

भाऊ, पैसे सध्या खिशातच राहू दे. "सपाट" हा शब्द तू बरोबर वापरलास, आणि दुखणं तिथंच आहे. सूर सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्यात काहीच घडत नाही, म्हणून तो सपाट वाटतो. महागड्या मशीनवर हेच वाजवलंस तर आवाज जास्त गुळगुळीत येईल, पण सपाटच येईल.

संतूर बरा वाजतो आणि स्ट्रिंग वाजत नाही, याचं कारण वाद्याच्या जातीत आहे. संतूर, सतार, पियानो ही आघाताची वाद्यं. एकदा काडी पडली, नखी लागली की पुढं सूर आपोआप विरत जातो. वादकाला जे सांगायचं ते तो आघातातच सांगून मोकळा होतो. कीबोर्डची पट्टीसुद्धा तेवढंच ओळखते: कोणती दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. व्हायोलिनमध्ये मात्र सूर जितका वेळ चालतो तितका वेळ वादक तो घडवत असतो. गजाचा वेग, गजाचा दाब, घोडीपासून गज किती लांब आहे, या तिन्ही गोष्टी एकाच सुरात सतत बदलत असतात. त्यामुळं सूर मधेच फुगतो, बारीक होतो, उजळतो. पट्टीतून यातलं काहीही जात नाही. ते दुसऱ्या वाटेनं पाठवावं लागतं.

ती वाट म्हणजे एक्स्प्रेशन. मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांना सूचना पाठवायची भाषा, १९८३ साली आली तेव्हापासून वादन चालू असताना अशा सूचना पाठवायची सोय तिच्यात आहे. तुला दोनच आकडे लक्षात ठेवायचे आहेत. कंट्रोल क्रमांक ७ म्हणजे व्हॉल्यूम. तो एकदा लावून विसरायचा, टोनांचा आपसातला तोल राखायला. कंट्रोल क्रमांक ११ म्हणजे एक्स्प्रेशन. तो वाजवताना सतत हलता ठेवायचा. दोन्ही ० ते १२७ मध्ये चालतात. ११ नंबर हाच तुझा गज. वर-खाली होणारं, पाऊल ठेवलं तिथं थांबणारं एक्स्प्रेशन पेडल पायाखाली घेतलंस की उजव्या पायात गज आला असं समज.

तुझ्या मालिकेतल्या कीबोर्डला मागे बहुतेक सस्टेनचंच (पट्टी सोडल्यावरही सूर चालू ठेवणाऱ्या पेडलचं) जॅक असेल, एक्स्प्रेशनचं नसेल. तरी अडत नाही. कीबोर्डच्या आउटपुटमधून निघणारी वायर आधी साध्या व्हॉल्यूम पेडलमध्ये घाल आणि तिथून मिक्सरला ने. कीबोर्डचं सगळंच त्यातून कमी-जास्त होईल, तालाची स्टाइल चालू असेल तर तीही. पण नाटकात ताल तबला आणि ऑक्टापॅडकडे असतो, तुझ्याकडून फक्त सूर जातो, तेव्हा चालून जातं. पेडल तळाशी गेल्यावर आवाज पूर्ण बंद होऊ नये. खालची हद्द लावता येणारं पेडल मिळालं तर उत्तम, नाहीतर पायाला सवय लाव.

एक्स्प्रेशनचं जॅक असलेला कीबोर्ड पुढं घेतलास तर एक ध्यानात ठेव. रोलँडचं ईव्ही-५ आणि यामाहाचं एफसी७ ही दोन्ही पेडलं दिसायला एकाच कामाची आहेत, पण त्यांची आतली वायरिंग वेगळी आहे. एकाचं पेडल दुसऱ्याच्या मशीनला लावलं की ते उलटं चालतं किंवा टोकालाच उडी मारतं. दुकानात स्वतःचा कीबोर्ड नेऊन लावून बघितल्याशिवाय पेडल घेऊ नको.

आणि सस्टेन पेडल? स्ट्रिंग लावली की त्यावरून पाय काढायचाच. पियानोची सवय असलेले वादक नेमके इथं घसरतात. सस्टेन धरला की मागचा सूर पुढच्यात मिसळत राहतो, दोन गज एकाच तारेवर चालल्यासारखा गोंधळ होतो. वर आवाजांची संख्या संपते. जुन्या किंवा लहान कीबोर्डात एका वेळी ३२ किंवा ४८ आवाज वाजतात. ड्युअल (एका पट्टीवर दोन टोन) लावून, स्टीरिओ टोन घेऊन, सस्टेन धरून चार पट्ट्या दाबल्या की तो साठा भराभर खर्च होतो आणि मधलेच सूर तुटायला लागतात. सूर जोडायचे ते बोटांनी. पुढची पट्टी दाबली गेल्यावरच आधीची सोडायची, मध्ये केसभरही फट नको. हार्मोनियमवर भजनाला साथ केलेल्या वादकाला हे पटकन जमतं, त्याची बोटं मुळात चिकटूनच चालतात.

आता एक अभ्यास देतो. तो झाल्याशिवाय पुढचं वाचून उपयोग नाही. मधल्या पांढरी एकवर, म्हणजे कीबोर्डच्या मधल्या सी वर, एकच सूर धर, आठ मात्रा. लय मिनिटाला साठ मात्रांच्या आसपास ठेव. पहिल्या मात्रेला पेडल खालच्या तिसऱ्या हिश्श्यात असू दे. पाचव्या मात्रेपर्यंत हळूहळू दोन तृतीयांशापर्यंत ने, आठवीपर्यंत परत खाली आण. सूर संपायच्या आधी आवाज उतरलेला हवा. भरल्या आवाजात पट्टी सोडली तर सूर कापल्यासारखा वाटतो. हे एका सुरावर बसलं की सा रे ग म प या पाच सुरांची एक ओळ घे आणि अख्ख्या ओळीला मिळून एकच चढ आणि एकच उतार दे. प्रत्येक सुराला वेगळा फुगवटा दिलास तर ऐकणाऱ्याला गरगरल्यासारखं होतं. खरा वादक एका गजात चार-पाच सूर घेतो आणि मग गज पालटतो. तू जिथं गज पालटणार तिथं, म्हणजे ओळ तुटते त्या जागी, पाय थोडा खाली आणि बोट क्षणभर वर. गायकानं श्वास घ्यायची जागा असते तिथंच ती बहुतेक येते. म्हणून मी शिकणाऱ्याला सांगतो, ओळ आधी गुणगुण, मग वाजव.

बोटांच्या जोरावर विसंबू नको. लहान कीबोर्डात बहुतेक स्ट्रिंग टोनमध्ये जोरात दाबलं की फक्त मोठं वाजतं, आवाजाचा रंग बदलत नाही. टच रिस्पॉन्स सौम्य ठेव, म्हणजे एखादी पट्टी चुकून दणकन लागणार नाही.

दुसरा मुद्दा सुरुवातीचा, म्हणजे अटॅकचा. कीबोर्डात "स्ट्रिंग एन्सेम्बल", "स्लो स्ट्रिंग्स", "सिंथ स्ट्रिंग्स" अशी नावं दिसतात. टोनांना सगळीकडे सारखे क्रमांक देणाऱ्या १९९१ च्या जनरल मिडी यादीत ४१ ते ४४ ही एकट्या वाद्यांची घरं आहेत: व्हायोलिन, व्हायोला, चेलो, कॉन्ट्राबास. ४५ ट्रेमोलो (थरथरता गज), ४६ पिझिकाटो (बोटानं छेडलेली तार), ४९ आणि ५० एन्सेम्बल (वादकांचा गट), ५१ आणि ५२ सिंथ स्ट्रिंग्स. नाव काहीही असो, प्रत्येक टोनला उमलायला किती वेळ लागतो ते कानानं मोज. स्लो टोन पट्टी दाबल्यावर लगेच भरत नाही. तो समेवर दाबलास तर ऐकणाऱ्याला समेच्या मागं पोचतो, आणि तबलजी तुझ्याकडे बघायला लागतो. असा टोन समेच्या किंचित आधी दाबायचा. किती आधी, ते तबल्याबरोबर बसूनच कळतं. उलट जलद पीस, म्हणजे गाण्याच्या दोन कडव्यांमधला व्हायोलिनचा तुकडा, स्लो टोनवर कधीच वाजवायचा नाही. त्याला पटकन उमलणारा टोन हवा. टोन एकच असेल आणि कीबोर्डवर अटॅक-रिलीजचा नॉब असेल तर अटॅक कमी कर. नॉब नसेल तर ड्युअलमध्ये एन्सेम्बलखाली एकट्या व्हायोलिनचा टोन हळू आवाजात मिसळ. गज तारेला लागतानाची जी खरखर हवी असते ती त्यातून मिळते.

हा मिसळायचा प्रकार झाडीपट्टीच्या मंचासाठी मला फार कामाचा वाटतो. मोठा टोन भरावाला आणि एकटं व्हायोलिन धारेला. एकट्या व्हायोलिनचा आवाज इतकाच ठेव की तो बंद केल्यावर काहीतरी गेल्यासारखं वाटावं, पण चालू असताना वेगळा ओळखू येऊ नये. ट्यूनिंगमध्ये दोघांत पाच-सात सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक देता आला तर दे. दहा-बारा वादक एकत्र वाजवतात तेव्हा प्रत्येकाचा सूर आणि वेळ केसभर वेगळी असते, आणि गटाचा भरलेला आवाज त्या फरकातूनच येतो.

याच कारणासाठी कोरस इफेक्ट, म्हणजे एकाच आवाजाच्या किंचित वेगळ्या प्रती मिसळणारा, बंद ठेव. वाद्यवृंदाचे नमुने आत भरलेले नव्हते त्या काळात कोरसला अर्थ होता. नेदरलँड्समध्ये तयार झालेली सोलिना स्ट्रिंग एन्सेम्बल १९७४ साली आली. तिच्यात इलेक्ट्रॉनिक सूर होता आणि तो कोरसमधून फिरवून गटाचा भास केला जायचा. तो आवाज सुंदर आहे, सत्तरच्या दशकातल्या कितीतरी रेकॉर्डवर ऐकू येतो, आणि आजच्या कीबोर्डातले सिंथ स्ट्रिंग्स त्याचेच वारस आहेत. पण तुझ्या एन्सेम्बल टोनमध्ये खऱ्या वादकांच्या गटाचं ध्वनिमुद्रण आधीच आहे. त्यावर आणखी कोरस घातला की सगळं पातळ आणि लहरी होतं.

आता सगळ्यात मोठी चूक, जी जवळजवळ प्रत्येक मंचावर ऐकू येते: डाव्या हातात तीन पट्ट्या, उजव्या हातात चार, आणि सगळ्या मधल्या भागात चिकटून. विचार कर, एन्सेम्बल टोनच्या एका पट्टीत अख्खा गट भरलेला आहे. सात पट्ट्या दाबल्या म्हणजे सात गट एकाच जागी. खऱ्या वाद्यवृंदात गट सुरांमध्ये वाटला जातो, त्यामुळं सूर वाढले तरी वादक तेवढेच राहतात. म्हणून कीबोर्डवर स्ट्रिंगला सूर कमी लागतात. चार पुरे, कित्येकदा दोन पुरे.

आणि ते जिथं खरं वाद्य असतं तिथंच ठेवायचे. व्हायोलिनचा सर्वांत खालचा सूर म्हणजे मधल्या पांढरी एकच्या खालची पांढरी पाच, १९६ हर्ट्झ. त्याखाली व्हायोलिन नाहीच. व्हायोला मधल्या पांढरी एकच्या एक सप्तक खाली संपतो. चेलो दोन सप्तकं खाली संपतो, आणि ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डची अगदी डावीकडची पट्टी नेमकी तीच असते. म्हणजे अख्खा चेलो तुझ्या डाव्या हाताखाली तयार आहे. मात्र तू ट्रान्सपोज (पट्ट्या त्याच, सूर वर-खाली सरकवायची सोय) लावून वाजवत असशील, आणि गायक-गायिकांच्या पट्ट्या बदलतात म्हणून सगळेच लावतात, तर ही हद्दही सरकते. ट्रान्सपोज अधिक तीन असेल तर व्हायोलिनची खालची पांढरी पाच तुला खालच्या पांढरी तीनवर सापडेल. डोळ्यानं पट्टी बघू नको, कानानं सूर बघ.

पांढरी एकच्या मेजर कॉर्डचंच उदाहरण घे. चिकटून सा-ग-प-सा दाबण्याऐवजी डाव्या हातानं खाली सा आणि त्यावरचा प धर. खाली अंतर मोकळं असलं की चेलो स्वच्छ ऐकू येतो. उजव्या हातात मधल्या सप्तकातला ग आणि त्याच्या वरचा तार सा. आता गाणं म च्या कॉर्डवर गेलं. हात उचलून दुसरीकडं ठेवू नको. तार सा दोन्ही कॉर्डमध्ये आहे, तो तसाच धरून ठेव. ग एक पट्टी वर म वर सरकव. खालचा सा म वर ने आणि खालचा प त्याच्या वरच्या ध वर ने. वरचा सूर जागेवर राहिला, मधला अर्धा स्वर हलला, आणि ऐकणाऱ्याला कॉर्ड बदलल्याचा धक्का न बसता रंग बदलला. खऱ्या वाद्यवृंदात प्रत्येक वादक आपल्या ओळीत असाच जवळच्या सुरावर जातो.

पण हे सगळं कॉर्डवर बांधलेल्या गाण्यांसाठी. नाट्यपद असेल, गवळण असेल, यमन किंवा भैरवीवर बांधलेलं काही असेल, तर कॉर्ड जपून. यमनमध्ये डोळे झाकून म ची मेजर कॉर्ड लावली तर शुद्ध मध्यम घुसतो आणि गायकाचा तीव्र मध्यम उघडा पडतो. अशा ठिकाणी एकच ओळ दोन सप्तकांत वाजवावी: डावा हात चेलोच्या जागी, उजवा व्हायोलिनच्या. आपल्या कानाला व्हायोलिनचा गट असाच भरलेला आवडतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सॅबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या लोकांनी जो वाद्यवृंद उभा केला त्यात हार्मनी होतीच, पण गाण्याच्या मधले तुकडे व्हायोलिनचा सगळा गट एकसुरात वाजवतानाही सारखा ऐकू येतो. प्यारेलाल स्वतः व्हायोलिनवादक, गोन्साल्विसांकडे शिकलेले. त्या काळची गाणी लावून फक्त व्हायोलिनचा माग काढ. गायक सूर लांबवतो तेव्हा व्हायोलिन हलतं. गायक शब्दांत गुंतला की व्हायोलिन थांबतं, लांब सूर धरतं. दोघं एकाच वेळी धावले की गर्दी होते. माझ्या मते वादकाची सगळी समज या एका गोष्टीत दिसते.

एकट्या व्हायोलिनचं काम आणखी कठीण आहे, आणि मी नवीन वादकाला त्यापासून जरा लांबच राहायला सांगतो. गटात कमी-जास्त खपतं, एकट्यात सगळं उघडं पडतं. बहुतेक टोनमध्ये कंप, म्हणजे व्हायब्रेटो, ध्वनिमुद्रणातच आलेला असतो. एकच नमुना तीन-चार पट्ट्यांना ताणून लावलेला असेल तर वरच्या पट्टीवर कंपही जलद होतो. टोन लावून खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी सावकाश दाबत जा. कुठं आवाजाचा पोत अचानक बदलतो, कुठं कंप घाईचा होतो, त्या जागा ओळखून ठेव आणि महत्त्वाचा सूर तिथं येऊ देऊ नको. कंप नसलेला टोन असेल आणि मॉड्युलेशनचं चाक किंवा दांडी असेल, तर कंप स्वतः द्यायचा: सूर आधी सरळ लावायचा, स्थिर झाला की मग हळूच कंप. हाताचा कंप सेकंदाला साधारण पाच-सहा वेळा होतो, त्याहून जलद झाला की शेळीचं बेंबाटणं ऐकू येतं.

मींड पिच बेंडनं (सूर वर-खाली ओढणाऱ्या चाकानं) घ्यायची. रेंज दोन अर्धस्वरांवर ठेव. ग वरून म वर जायचं असेल तर ग ची पट्टी धरून चाक निम्म्यापर्यंत वर न्यायचं, म ची पट्टी दाबायची नाही. टोन मोनो (एका वेळी एकच सूर) करता आला तर कर, म्हणजे दोन सूर एकमेकांवर चढत नाहीत. आपल्या संगीतात व्हायोलिन गळ्यासारखं कसं चालतं ते ऐकायचं असेल तर व्ही. जी. जोग ऐक, एन. राजम ऐक. दोन सुरांमधला रस्ता किती वेळ घेतो, याकडे कान लाव. तो आपण कीबोर्डवर नेहमी फार लवकर ओलांडतो.

आता तुझ्या करुण प्रसंगाकडे येऊ. नटाचा संवाद बुडतो कारण तुझी स्ट्रिंग त्याच्या आवाजाच्या पट्ट्यात वाजते. संवाद चालू असताना मधलं सप्तक रिकामं सोड. बाप पोरीला सासरी पाठवतोय, असा प्रसंग घे. संवाद सुरू होतो तेव्हा डाव्या हातानं खालचा सा आणि प, पेडल जवळजवळ तळाशी, कोरस नाही. ग धरू नको, कोमलही नको आणि शुद्धही नको. प्रसंग कुठं वळणार ते अजून उघड करायचं नाही. नट थांबतो, पोरगी वळून बघते. तिथं उजव्या हातानं वरच्या सप्तकातला प, एकटा, अगदी बारीक. मग म, कोमल ग, रे. प्रत्येक सुराला पुढच्या संवादाइतकी जागा दे. रे वर थांब आणि पाय हळूहळू खाली ने. सा वर उतरायचं नाही, तो पुढं पद म्हणणाऱ्या नटासाठी राखून ठेव. तो सा लावतो तेव्हा प्रेक्षकांना तो हवाच असतो. इथं ट्रेमोलोचा टोन लावायचा मोह होतो. तो भीतीसाठी, खलनायकाच्या प्रवेशासाठी चांगला. दुःखात तो उगाच घाबरवतो.

एवढं सगळं करूनही साउंडवाल्यानं घात केला तर काय? बऱ्याच मंचांवर साउंड मोनो असतो, म्हणजे डावं-उजवं वेगळं नसतं. कीबोर्डला डावं-उजवं असे दोन आउटपुट असतील तर फक्त डावं जॅक वापर, ज्यावर एल आणि मोनो दोन्ही लिहिलेलं असतं, म्हणजे मशीन स्वतःच दोन्ही बाजू नीट एकत्र करतं. दोन्ही वायरी नेऊन मिक्सरवर मोनो केल्या की काही स्टीरिओ स्ट्रिंग टोन पोकळ होतात. हेडफोनमध्ये घरी मस्त वाटलेला टोन मंचावर हरवतो, त्यामागं बहुधा हेच असतं. म्हणून टोन निवडताना घरीही एकाच स्पीकरवर ऐक. मिक्सरवर कीबोर्डच्या चॅनेलचा २०० ते ४०० हर्ट्झमधला भाग थोडा कापायला सांग, ढोलकी आणि नटांचे आवाज मोकळे होतात. कर्ण्यात ३ हजारच्या आसपास व्हायोलिन कानात टोचतं, तिथंही थोडं कमी. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) मोकळ्या मैदानावर लागतोच, कारण भिंती नाहीत, सूर सुटला की गेला. पण तो एकाच ठिकाणाहून द्या, कीबोर्डवरून किंवा मिक्सरवरून. आणि डाव्या हाताच्या चेलोवर कमीच, नाहीतर खाली नुसता घुमारा राहतो.

राहिला मॉड्यूलचा प्रश्न. जुनी रॅक मॉड्यूलं वाईट नाहीत. रोलँडचं जेव्ही-१०८० १९९४ चं आहे, आणि त्यातल्या स्ट्रिंग आजही मंचावर उभ्या राहतात. पण आधी तुझ्या कीबोर्डची मागची बाजू बघ. नुसतं संगणकाला जोडायचं "यूएसबी टू होस्ट" असेल आणि पाच पिनांचं गोल मिडी जॅक नसेल, तर मॉड्यूल थेट लागणारच नाही. मध्ये यूएसबी होस्टची वेगळी पेटी घ्यावी लागेल, आणि तो खर्च विकणारा सांगत नाही. मॉड्यूल जपानमधून आलेलं असेल तर ते १०० व्होल्टचं असू शकतं. मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचल्याशिवाय आपल्या २३० च्या प्लगमध्ये घालू नको, एका क्षणात जळेल. आतली मेमरी बॅटरी संपली असेल तर साठवलेले टोन जातात, ती बदलता येते. डिस्प्ले मात्र अंधूक असेल तर रात्रीच्या नाटकात टोन बदलताना रडवेल.

लॅपटॉप असेल तर घरी रियाजाला आणि भजनाच्या रेकॉर्डिंगला तो मॉड्यूलहून पुढं जातो. तुझा कीबोर्ड यूएसबीनं त्याला लागतो. व्हर्सिलियन स्टुडिओजची व्हीएससीओ २ कम्युनिटी एडिशन मोफत आहे, वाद्यं खरी ध्वनिमुद्रित केलेली आहेत. विंडोजवर आवाजाचा उशीर कमी करणारा एएसआयओ ड्रायव्हर घालून बफर १२८ किंवा २५६ ठेव, ४४.१ किलोहर्ट्झला २५६ म्हणजे सहा मिलिसेकंदांहून कमी, हाताला उशीर जाणवत नाही. रेकॉर्डिंगमध्ये पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, चेलो या ओळी वेगवेगळ्या वाजव, प्रत्येक ओळीला तिचं स्वतःचं एक्स्प्रेशन दे आणि क्वांटाइझ (सूर आपोआप नेमक्या मात्रेवर ओढणं) करू नको. रात्रभराच्या नाटकात जनरेटरवर, दव पडत असताना, फक्त लॅपटॉपच्या भरवशावर बसायला मी तयार नाही. नेलासच तर कीबोर्डचा स्वतःचा टोन बाजूला तयार ठेव.

मोठा कीबोर्ड घ्यायची वेळ आली की, टोनांची संख्या बघू नको. एक्स्प्रेशनचं जॅक, मॉड्युलेशनची दांडी, आणि स्ट्रिंगचे निदान तीन वेगळे अटॅक: सावकाश, मध्यम, झटपट. या तीन गोष्टी दुकानात स्वतः वाजवून तपास. त्याआधी व्हॉल्यूम पेडल घे आणि तालमीत तबलजीबरोबर तो आठ मात्रांचा सूर बसव. तुझ्या कीबोर्डचं नेमकं मॉडेल आणि मागच्या जॅकांचा फोटो पाठव, ड्युअलमध्ये कोणते दोन टोन जुळतील आणि कुठलं पेडल चालेल ते बघून सांगतो.